सेल्वीची बोटं

परवा प्रचाराला आलेल्या उमेदवाराला आमच्या गल्लीतल्या बायकांनी ओवाळलं. कापराचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये राहायचो. शेजारची सेल्वी बंदरात दगडी कोळशाच्या टोपल्या भरायची. तेव्हाही असाच एक उमेदवार दारोदार आला होता. "यंत्रं आली तरी एकाही हाताचं काम जाणार नाही, हा माझा शब्द!" असं तो गरजला. सेल्वी हौसेने आरतीचं तबक घेऊन पुढे झाली. कितीही घासली तरी तिच्या बोटांच्या रेषांतली काळी भुकटी जायची नाही. ती कुंकू लावणार, तेवढ्यात त्याच्या माणसाने तिचं मनगट धरलं आणि स्वतःच साहेबांच्या कपाळाला कुंकू टेकवलं. पांढऱ्याशुभ्र वेष्टीतला, म्हणजे तिकडच्या धोतरातला, तो नुसता हसला.

मेला निवडून आला. वर्षाच्या आत धक्क्यावर यंत्रं आली आणि सेल्वीची सगळी टोळी घरी बसली. हा पुन्हा फिरकलासुद्धा नाही.

एका संध्याकाळी सेल्वीने माझ्यापुढे दोन्ही हात धरले. रेषा स्वच्छ झाल्या होत्या.

"बघा अक्का," ती म्हणाली, "आता लावू देतील ना कुंकू?"