दवात कोरडा राहिलेला स्वेटर

माझा धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा घोडा झाला, तरी देवानं आपल्याला कशासाठी जन्माला घातलंय हे त्याला कळेना. मला कळलं होतं: माझं डोकं खायला. चर्चच्या तरुण संघातल्या पोरांना त्याचं कोण कौतुक! देवाचा निरोप आणणारे, म्हणून मी त्याला 'संदेष्टे' म्हणायचे. "उठा संदेष्टे, नऊ वाजले. तुमच्या पांघरुणाची घडी घालायला देव येणार नाही." तर हा डोळे मिटून म्हणायचा, "ताई, मी देवाचं ऐकतोय." घोरत घोरत ऐकायचा मेला!

आई गेल्यावर त्याला मीच वाढवला. माझा धुण्या-इस्त्रीचा धंदा, राहायला दोन खोल्या, वर गच्ची. खोटं कशाला बोलू, या वेडाचं बी मीच पेरलं. तान्हा असताना तो मोठ्या तापातून वाचला, तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगत सुटले, की याला देवानं मोठ्या कामासाठी राखून ठेवलंय. पेरलं ते उगवलं.

ते मोठं काम शोधण्यात त्यानं पाच वर्षं घालवली. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं, बोट टेकवायचं, आणि बोटाखाली येईल ती ओळ म्हणजे देवाची आज्ञा. एकदा बोट समुद्रावर पडलं, तर गडी जहाजावरच्या नोकरीचा अर्ज घेऊन आला. याला बसमध्ये उलटी होते! एकदा बोट कुणाच्या तरी खापरपणजोबांच्या यादीवर पडलं. त्यातून काही निघेना, म्हणून दोन दिवस उपास केला.

बरं, अंगात गुण नसता तर मी गप्प बसले असते. पण आमच्या गल्लीच्या टोकाला बुटवाले काका होते. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल वाकडं, त्यांचे बूट ते बनवायचे. प्रत्येकाच्या पावलाचा लाकडी साचा वेगळा. एका बुटाचा तळ दुसऱ्यापेक्षा दोन-दोन बोटं जाड, आणि तरी माणूस चालताना ते कुणाच्या लक्षात येता कामा नये. संदेष्टे तिथे दोन वर्षं 'तात्पुरते' जात होते. काका मला सांगायचे, "पोरी, असा हात मी दुसरा पाहिला नाही. नुसतं पाऊल हातात घेतो आणि कुठे दुखतं ते त्याला समजतं."

काकांचे स्वतःचे हात आता थरथरायला लागले होते. एका शुक्रवारी ते त्याला म्हणाले, "दुकान तू चालव. तू नाही म्हणालास तर मशिनी विकून मी लेकीकडे राहायला जातो. सोमवारपर्यंत सांग."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! पण संदेष्टे घरी येऊन म्हणाले, "देवाला विचारतो."

"अरे, काकांच्या तोंडून तोच बोलला असेल की!"

"ताई, लोकांचे बूट शिवणं हे काय आयुष्याचं कार्य झालं?"

लोकांचे कपडे धुऊन ज्याला वाढवला, तो हे मला तोंडावर म्हणाला. मला असा राग आला की त्याचा सदरा इस्त्रीखाली जळता जळता वाचला.

शनिवारी सकाळी त्यानं काकांना जाऊन नाही म्हणून सांगितलं. का, ते मला सांगेना. "उद्या उपासनेत साक्ष देणार आहे, तेव्हा ऐक."

रविवारी तो सगळ्यांपुढे उभा राहिला. "शुक्रवारी संध्याकाळी मी माझा लोकरी स्वेटर गच्चीवर अंथरला," तो म्हणाला. "प्रभूला म्हटलं, मी ते दुकान घ्यावं अशी तुझी इच्छा असेल, तर हा दवानं ओला होऊ दे. सकाळी गच्चीभर दव होतं, आणि स्वेटर मात्र खडखडीत कोरडा!" लोक म्हणाले, "आमेन!" पाळकांनी डोळे पुसले.

तो स्वेटर मी पाहिला होता. लोकरीचं कापड दोरीवर टाकलं की लोंबतं, म्हणून ते जमिनीवर आडवंच वाळवतात. मला वाटलं, या गाढवानं जन्मात पहिल्यांदा काहीतरी स्वतः धुतलं. दवानं भिजायला नको, म्हणून दोरीवरच्या कपड्यांवर टाकते तसं त्यावरही प्लास्टिक टाकलं आणि पहाटे पाचला काढून घेतलं. वीस वर्षं मी हे रोज करते. त्याच घरात राहून, मी धुतलेलेच कपडे घालून, त्याला याचा पत्ता नव्हता!

मी तिसऱ्या बाकावरून उठले आणि म्हणाले, "प्लास्टिक मी टाकलं होतं."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. संदेष्ट्यांचं तोंड पाहवत नव्हतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आता तरी पळ काकांकडे." तर म्हणतो कसा, "आता मला परत विचारावं लागेल." मी कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी पुन्हा स्वेटर गच्चीवर. बादलीभर पाणी ओतायला माझे हात शिवशिवत होते. पण देवाच्या नावानं ओलं करणारी मी कोण? एकदा कोरडं राखून पस्तावलेच होते. त्या दिवशी सगळं झाकलं, स्वेटर तेवढा उघडा ठेवला.

सोमवारी तो ओलाचिंब निघाला. तोच हातात घेऊन संदेष्टे अनवाणी धावत सुटले. त्यांच्या चपला घेऊन मागून मी.

दुकानापुढे टेम्पो लागला होता. शिलाईची मशीन आधीच वर चढली होती.

"काका, मी येतो! मी दुकान घेतो!"

"तू शनिवारी नाही म्हणालास बाळा," काका शांतपणे म्हणाले. "देवाला विचारून नाही म्हणालास. देवाशी मी काय वाद घालणार? त्याच दिवशी मशिनी घेणाऱ्याला शब्द दिला."

त्याच्या हातातल्या स्वेटरातून पाणी ठिबकत होतं. चीड म्हणता चीड आली मला, त्याची आणि माझीही.

काकांनी आत जाऊन एक साचा, चामडं, भोकं पाडायचा टोचा आणि एक तयार बूट आणून त्याच्या हातात दिला. "एक पाय आखूड असलेल्या त्या आठवीतल्या पोरीचा जोड. दुसरा बूट राहिलाय. उद्या सकाळी आठला ती तुमच्याकडे येईल. माझ्या हातांनी आता होत नाही."

मंगळवारी पहाटे पाचला मी उठले, तर हा माझ्या इस्त्रीच्या टेबलापाशी. मशीन नाही, म्हणून जाड तळ हातानंच शिवत होता. दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. शहाणपण आलं, पण दुकान गेल्यावर! माझी जीभ काही आवरली नाही.

"का हो संदेष्टे, आज देवाला विचारलं नाहीत?"

"थांब गं ताई, पोरगी आठला येणार आहे." मान वर न करता त्यानं दोरा ओढला. "आणि गच्चीवर जाऊ नकोस. कपड्यांवरचं प्लास्टिक मी काढून ठेवलंय."