आईने खळ्यात मांडलेलं घर

आईने घर बदलायचं ठरवलंय, हे मला फोनवर कळलं. मिरजोळ्याला एमआयडीसीतल्या मासळीच्या कारखान्यात मी नोकरी करते. दुपारचा डबा उघडत होते, तेवढ्यात तिचा फोन आला.

"मी तिकडं येते ऱ्हायला. तुज्या घरात नाय, घराजवळ. खालच्या मजल्यावरची जागा बघ."

मी काही विचारायच्या आत फोन ठेवलासुद्धा.

कारण मला माहीत होतं. बंदराजवळचं आमचं घर गल्लीपासून नऊ पायऱ्या वर. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आई त्या पायऱ्या चाळीस वर्षं चढली-उतरली. आता गुडघे गेले होते. ती एकेका पायरीवर बसत खाली उतरते, हे मला तिने नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती, भाऊ मुंबईला स्थायिक. धाकट्या काकांना जाळी ठेवायला आणि खलाशांना राहायला जागा हवी होती. आईने त्यांना परस्पर सांगून टाकलं, "दिवाळीनंतर या."

मी जागा शोधली. तळमजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. इमारतीचं काम संपत आलं होतं. रविवारी आईला घेऊन गेले. माझ्याकडे टेप होती, वही होती, काय न्यायचं आणि काय नाही याची दोन पानी यादी होती. आईने पिशवीतून जाळ्याची निळी दोरी काढली. आई शाळेत गेली नव्हती. टेपवरचे आकडे तिला वाचता येत नसत. एकेका भिंतीला दोरी लावायची आणि भिंत संपली की गाठ मारायची. दारापाशी दोन गाठी, खिडकीपाशी तीन. ओट्याच्या विटा उभ्या राहिल्या होत्या, वर फरशी बसायची होती. त्यांचीही उंची तिने दोरीवर घेतली. तिथे काम करणारे गवंडी हसत होते. मलाही थोडी लाज वाटली, हे कबूल केलं पाहिजे.

पुढच्या शनिवारी मी घरी गेले, तर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, रांगोळीने अख्खं घर आखलेलं. भिंती, दारं, मोरी, सगळं. त्यात तिची कॉट, पिंप, देव्हारा, गॅस. मी सरळ तिच्याकडे निघाले तशी ती ओरडली,

"भिंतीतनं कुठं येतेस? दारातनं ये!"

शेजारच्या काकू रांगोळीच्या आत बसून चहा पीत होत्या. त्या म्हणाल्या, "मी काल खिडकीतनं गेले तर मला शिव्या पडल्या गो."

आठ दिवस आई त्या रांगोळीच्या घरात राहिली. झोपायला तेवढी आत. बाकी स्वयंपाक, जेवण, दुपारची पाठ टेकणं, सगळं खळ्यात. रोज सकाळी झाडून झालं की पुसलेल्या भिंती पुन्हा ओढायच्या. जी वस्तू पायात आली ती रांगोळीबाहेर. मोठं पातेलं बाहेर, दोन खुर्च्या बाहेर, बाबांची लोखंडी पेटी बाहेर. पेटीतला त्यांचा रेनकोट मात्र तिने काढून खिडकीच्या बाजूला ठेवला.

आणि मग काचेचं कपाट. माझ्या पहिल्या पगारातून मी ते घेतलं होतं. काकांच्या खलाशांनी ते उचलून खळ्यात आणलं होतं, आणि आता ते रांगोळीच्या बाहेर उभं होतं.

"हे बसतं की," मी म्हटलं. "मी टेपने मोजलंय."

"बसतं. पण उघडायचं तर कॉट ओलांडाया लागते. चार सकाळी ओलांडून बघितली. पाचवीला पडले असते."

"मग कॉट बदलू."

"बाय," ती म्हणाली, "तू मला कपाट दिलंस तवा मी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलं. दाखवून झालं. आता मला चालाया जागा दे."

मला वाईट वाटलं. मी त्या संध्याकाळी तिच्याशी नीट बोलले नाही. पण रात्री माझ्या घरी यादी उघडली आणि लक्षात आलं, की माझ्या दोन पानांत वस्तूंची मापं होती, तिची चालण्याची जागा कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी कपाट काकूंना दिलं. आई नुसतं "बरं केलंस" म्हणाली.

आता राहिला ओटा. जन्मभर आईने जमिनीवर बसून विळीवर मासे कापले. आता बसलं की उठता येत नव्हतं, म्हणून उभ्याने कापायचं होतं. तिने दोरीच्या मापाने जांभ्या दगडाचे चिरे रचले, वर फळी टाकली, फळीला विळी बांधली. पातं तिच्या छातीशी आलं. आई मुळातच बुटकी. एक बांगडा कापेपर्यंत खांदा भरून आला.

आम्ही इमारतीच्या ठेकेदाराकडे गेलो. तिशीतला माणूस, बोलायला नम्र, पण आईकडे न बघता मला म्हणाला, "ताई, ओटा सगळ्यांना एकाच मापाचा असतो."

"सगळी माज्यासारखी बुटकी हायत काय?" आई म्हणाली.

"मावशी, नकाशा पास झालाय."

"तुजा नकाशा कागदावर हाय. माजा खळ्यात हाय. येऊन बघ."

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. दोन दिवसांनी मोटारसायकलवरून आला, नऊ पायऱ्या चढला आणि रांगोळीपाशी थांबला. मग चपला काढून, बरोबर दारातून आत गेला. स्वतःच्या पावलांनी एक भिंत मोजली. दुसरी मोजली. माझ्याकडे वळून म्हणाला, "हे कोणी आखून दिलं?"

"तिनंच," मी म्हटलं.

आईने त्याच्यासमोर उंच चिऱ्यांवर एक बांगडा कापला. मग वरचे चिरे काढले आणि दुसरा कापला. दुसऱ्याला अर्धा वेळ लागला. मग तिने त्याला रांगोळीतलं मोरीचं दार दाखवलं. ते आत उघडत होतं, आणि आत माणूस पडला तर बाहेरून ढकलता आलं नसतं. "ह्ये मला तिसऱ्या दिवशी कळलं," ती म्हणाली.

त्याने खिशातून पेन काढलं आणि प्रथमच आईला विचारलं, "आणखी काय, मावशी?"

ओटा वीतभर खाली आला. मोरीचं दार बाहेर उघडू लागलं. सामान एका टेम्पोत गेलं आणि दुपारी दोनच्या आत जागच्या जागी लागलं, कारण प्रत्येक वस्तूची जागा आईच्या पायांना पाठ होती. खलाशांनी कॉट ठेवली, तिने बोटाने थोडी सरकवायला सांगितली, संपलं. मला काही कामच उरलं नाही. मी दारात उभी राहून बघत होते. कारखान्यात मी चाळीस बायकांच्या कामावर देखरेख करते, पण त्या दिवशी मी कोण असं कोणी विचारलं असतं तर मी आधी हेच सांगितलं असतं, की मी हिची मुलगी.

महिन्याभराने तो ठेकेदार स्वतःच्या आईला घेऊन माझ्या आईच्या नव्या घरी आला. तिच्यासाठी खालची जागा घ्यायची होती. म्हातारी लाजत बाकावर बसली. आई आतून बाहेर आली, तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मुलाला म्हणाली,

"बसवलंस काय तिला? उभी कर आधी. चालून दाखवू दे."

आणि तिचा हात धरून तिला ओट्यापाशी घेऊन गेली.