अंगठेबहाद्दर

रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला आमचं अख्खं कॉलेज 'अंगठेबहाद्दर' म्हणायचं, आणि हे त्यांना ठाऊक होतं. तरुणपणी प्रयोगशाळेत काचेची नळी फुटून सरांच्या उजव्या अंगठ्यात घुसली. तेव्हापासून तो अंगठा वाकत नसे. खडू ते दोन बोटांच्या फटीत विडीसारखा धरत आणि लिहिताना अंगठा ताठ उभा राही. मागच्या बाकावर कुणी हसलं, की न वळता म्हणत, "हसा, हसा. तुमच्या जर्नलवर शेवटी याच हाताची सही लागते."

माझी त्यांच्याशी ओळख वर्गाआधी बाजारात झाली. नाशिकजवळ मखमलाबादला आमचा दीड एकराचा मळा. सकाळी मी गंगेवर, म्हणजे नदीकाठच्या बाजारात, भाजी विकायचो आणि तिथूनच कॉलेज गाठायचो. सर मेथीची जुडी उचलत, मी सांगेन ती किंमत देत आणि चालू लागत. मला हा अपमान वाटे. मी वीस सांगायचे, गिऱ्हाइकानं दहा म्हणायचं, मी कपाळाला हात लावायचा, त्यानं दोन पावलं पुढं जायचं, मी हाक मारायची; बाजार म्हणतात तो याला. एकदा मी भडकलोच. "सर, थोडे कमी कर असं तरी म्हणा!"

"का? तू जास्त सांगितलेस?"

"सांगितलेत की!"

"मग ते तुला माहीतच आहे. मी आणखी काय सांगू?"

पुढच्या वेळी मी सरळ योग्य भाव सांगितला आणि आठवडाभर स्वतःवरच चिडून राहिलो.

त्याची वसुली मी प्रयोगशाळेत केली. प्रात्यक्षिकाला त्यांनी मला पन्नासपैकी एकेचाळीस दिले. मी पंचेचाळीसवर अडून बसलो. ते म्हणाले, "शेठ, बेचाळीस." शेठ हे नाव त्यांनीच पाडलं होतं. मी म्हणालो, "चव्वेचाळीस." शेवटी ते म्हणाले, "त्रेचाळीस. आणि वर कढीपत्ता मागू नकोस." मी जिंकलो म्हणून हसलो, तर त्या दोन मार्कांसाठी त्यांनी माझ्याकडून अख्खा प्रयोग पुन्हा करून घेतला. वही तपासताना मात्र त्यांच्याशी घासाघीस चालत नसे. "परीक्षानळीत काय दिसलं ते लिही. तुला काय वाटलं ते घरी आईला सांग."

एमएस्सीनंतर मी जर्मनीतल्या एका विद्यापीठात संशोधनासाठी अर्ज केला. भाज्यांवर आपण औषध मारतो, त्याचं पुढं मातीत काय होतं, हा विषय. अर्जाला सरांचं शिफारसपत्र लागत होतं. आमच्याकडची रीत अशी, की पत्र विद्यार्थ्यानं स्वतःच लिहायचं आणि सरांनी सही ठोकायची. मीही लिहून नेलं. त्यात मी कष्टाळू होतो, शांत होतो आणि माझ्यात नेतृत्वगुण होते. सरांनी 'शांत'पर्यंत वाचलं आणि कागद फाडला.

"आपली भाजी ताजी आहे असं प्रत्येक भाजीवाला सांगतो, शेठ. मी लिहीन माझं."

"सगळे सर सही करतात. तुम्हालाच काय झालंय?"

"ओरडू नकोस. शांत आहेस ना तू?"

त्या पत्राबरोबर एक फॉर्म होता. या विद्यार्थ्याला पाचपैकी किती गुण द्याल, असा त्यात प्रश्न. सरांनी संगणकावर दोन बोटांनी टकटक करत तो भरला आणि पाठवून दिला. किती दिले? सांगेनात. मी रोज विचारायचो, रोज वाद घालायचो. एका दुपारी स्टाफरूममध्ये संतापून म्हणालो, "घोटीच्या बैलबाजारात दलालसुद्धा आकडा लपवतात, पण निदान रुमालाखाली समोरच्याला तरी कळवतात!"

सर एकदम सावरून बसले. "कसं कळवतात?"

मी त्यांना शिकवलं. दोन्ही हातांवर रुमाल टाकायचा. समोरच्याची जितकी बोटं मुठीत धरू तितका आकडा. पाच सांगायचे तर अख्खा पंजा धरायचा, अंगठ्यासकट. वडील बैल घ्यायचे तेव्हा मी लहानपणापासून हे बघत आलो होतो. सरांनी दोनदा करून पाहिलं आणि चहा मागवला. आकडा नाहीच सांगितला.

प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी नाशिकातच, द्वारकेच्या चौकात मुंबईच्या बसपाशी घरची सगळी जमली होती. आईची भुणभुण चालू होती, "आरं, मास्तरांच्या पाया पड, लय केलं त्यांनी तुझ्यासाठी." तेवढ्यात सर स्कूटरवरून आलेच. मी वाकायच्या आत त्यांनी खिशातून रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून माझा हात धरला.

चार बोटं. मी नीट मोजली. माझा अंगठा त्यांच्या मुठीबाहेर होता.

सर डोळे मिचकावून हसले. मी हसलो नाही. बसमध्ये बसलो तेव्हा आई बाहेरून हात हलवत होती आणि मी हिशेब करत होतो, की एक कुठं कापला?

परदेशात नव्या शोधविद्यार्थ्याला एक टेबल, एक चावी आणि 'तुम्ही ठरवा' एवढं मिळतं. मला भांडायला कुणी मिळेना. शनिवारच्या बाजारात मी टोमॅटोचा भाव पाडायला गेलो, तर बाईनं शांतपणे पाटीवरच्या आकड्याकडे बोट दाखवलं. मातीच्या नमुन्यांतून चार महिने काहीच हाती लागलं नाही. प्रत्येक फसलेल्या प्रयोगानंतर मला ती चार बोटं आठवत. माणसानं पारखूनच किंमत केली होती, असं वाटे. एकदा बॅगही भरली होती. भरता भरता वही उघडली, काय दिसलं तेवढंच ओळीनं वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं, की नमुने मी नको तितके वाळवत होतो. बॅग रिकामी केली.

तरी राग गेला नाही. माझ्या तिथल्या मार्गदर्शक बाईंना फॉर्मचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, ते गोपनीय असतं. शेवटी सरांनाच फोन लावला. "सर, एक कुठं कापलात?"

"मी? कापला?" सरांचा आवाज खरोखर चकित. "मी पूर्ण दिलं, शेठ."

"बाजारातल्या माणसाला बनवू नका. मी मोजलीत!" म्हणालो आणि फोन ठेवून दिला. पुन्हा केला नाही. आज करू, रविवारी करू, निकाल आला की करू. निकाल आला, त्याच आठवड्यात सर गेल्याचं कळलं.

सुट्टीत नाशिकला आलो तेव्हा काकूंना भेटलो. सरांच्या पत्नी, माणूस गेल्यावरही आलेल्याला पोहे खायला लावणाऱ्या. मी बशी तशीच ठेवून म्हणालो, "काकू, सरांनी मला चारच दिले हो."

"कुणी सांगितलं? पाच लिहिले होते. फॉर्म भरला त्या दिवशी घरी येऊन तेच बडबडत होते. आणि ते रुमालाचं! जेवताना माझ्या हातावर सराव. मी म्हटलं, अहो, तुमचा अंगठा वळत नाही, अख्खा पंजा धरता येत नाही, समोरच्याची चारच बोटं मुठीत येतात. तर म्हणाले, पोरगा बाजारातला आहे. त्याला कळेल."

मला कळलं नाही. ज्या अंगठ्याला आम्ही पाच वर्षं हसलो, तो नेमका त्याच दिवशी मी विसरलो.

तरी माझी तक्रार आहेच. तोंडानं 'पाच' म्हणायला त्यांना काय झालं होतं? पण तसं म्हणाले असते, तर मी तिथंच द्वारकेला उभा राहून सहा मागितले असते, हेही त्यांना माहीत होतं.