राक्षसाचे पाय

चौसाळ्यात मित्राच्या गाळ्यावर आम्ही चौघे दर रविवारी फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळतो. आम्ही योद्धे, आणि समोर टेबलावर बोटभर उंचीचे राक्षसांचे पुतळे. ते ज्याने त्याने विकत आणायचे.

एकदा मी आणि आमच्यातला एक बागायतदार मित्र पुण्याच्या दुकानात गेलो. त्याने पंख पसरलेला, रंगाने झळाळणारा ड्रॅगन बघताक्षणी उचलला. मी मात्र सगळे राक्षस फरशीवर मांडले, पाय बघितले, पाठीला बोटाने हळूच धक्का दिला. आमच्या घरात मेंढरू असंच पारखून घेतात. आधी ते चारी पायांवर कसं उभं राहतंय ते बघायचं, लोकर शेवटी. मला एक बिनरंगाचा, ढेरपोट्या राक्षस पसंत पडला.

"आष्टीच्या मेंढरांच्या बाजारात आलास का बे?" मित्र सगळ्या दुकानादेखत हसला. माझं डोकं लई तापलं, पण राक्षस मी घेतलाच.

रविवारी पहिलाच फासा जोरात पडला आणि ड्रॅगन तोंडावर आपटला. उभा केला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा टेबलावरून खाली गेला आणि पंख मोडला. माझा ढेरपोट्या जागचा हलला नाही.

पुढच्या खरेदीला मित्र मला न्यायला घरी आला. दुकानात शिरताच त्यानेच सगळे राक्षस फरशीवर मांडले, आणि बाजूला सरकून म्हणाला, "बघ बे आता."

मी सावकाश बघितलं. लई सावकाश.