मयतीचा खेळ

नवरा गेला तेव्हा आमची मुलगी पाच वर्षांची होती. त्याचं आजारपण नागपूरच्या दवाखान्यात गेलं, म्हणून तिला अमरावतीला माझ्या बहिणीकडे ठेवलं होतं. सगळं उरकल्यावरच तिला अकोल्याला आणलं. लेकराला एवढ्यात सांगायचं नाही, असं घरच्या मोठ्यांनी ठरवून टाकलं. तिने विचारलं की नणंद म्हणायची, "बाबा दवाखान्यात आहेत." मीही मान हलवायची. दारात ऑटो थांबला की ती धावत जायची.

जुन्या शहरातली आमची गल्ली चिंचोळी. खेळायला शेजारच्या घरामागची मोकळी जागा तेवढी. एका दुपारी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर खाली पोरं मयतीचा खेळ खेळत होती. ओढणीखाली बाहुली निजवलेली. कोणी झेंडूच्या पाकळ्या टाकत होतं, कोणी खोटं खोटं रडत होतं. आमचीही त्यांच्यात.

मी ओरडणारच होते. तेवढ्यात तिने ओढणी बाजूला सारून बाहुलीला बसवलं. "आता बरा झाला."

त्यांच्यात शेजारची, तिच्याहून थोडी मोठी मुलगी होती. तिचे आजोबा मागच्या उन्हाळ्यात वारले होते. तिने बाहुली परत निजवली. "असं नाई वो. मेलेला मानूस उठत नसते."

"औषध देल्लं तरी?"

"तरी नाई."

"मंग आपुन काय कराचं?"

"रडाचं. मंग आंघोय कराची अन् घरी जाचं."

मग माझ्या लेकीने स्वतःच ओढणी बाहुलीवर ओढली. आम्ही जे तिच्यापासून झाकलं, ते पोरांनी खेळता खेळता तिच्या हाती दिलं, आणि त्यावर माणसं काय करतात तेही. मी कपडे घेऊन खाली आले.

संध्याकाळी मी भाकरी करत असताना ती जवळ येऊन बसली.

"आई, बाबा उठनार नाई ना?"

"नाही बेटा."

"तू रडली होती?"

"हो."

"मले काहून नाई बोलावलं?"

मी गॅस बंद करून तिला मांडीवर घेतलं. ती खूप रडली. मीही तिच्यासमोर पहिल्यांदाच रडले. नणंद दारात येऊन उभी राहिली. मग आमच्याजवळ खाली बसली, आणि आपला भाऊ लहानपणी कसा होता ते पोरीला सांगू लागली.