तिच्या वाटणीची मान

चंदीगडमध्ये त्या काळी एखाद्या कार्यक्रमाचं तिकीट काढणं म्हणजे या शहरात आपली कोणाशीच ओळख नाही, हे चारचौघांत कबूल करणं होतं. लोक पास मिळवत. गझलांची मैफल असो की गुलाबांचं प्रदर्शन, पास कितव्या रांगेचा यावरून घरातल्या माणसाचा हुद्दा कळायचा. नवऱ्याच्या बदलीमुळे मी तिथे गेले आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला नोकरी मिळाली. त्यानंतर दोन नाटकं मी हट्टाने तिकीट काढून पाहिली. दोन्ही वेळा माझ्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि पुढच्या पासवाल्या रांगेत लोक मांडीवर मुलं घेऊन बसले होते.

हे आधी सांगते, कारण पुढे मी माझ्या मैत्रिणीशी जे खोटं बोलले, ते निदान त्या शहरात तरी कोणी बोलू नये असं होतं.

मैत्रीण नागपूरची. सेक्टर एकोणचाळीसमधल्या सरकारी संशोधन संस्थेत ती जंतूंवर काम करायची आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये एकटी राहायची. आमची ओळख मराठी मंडळींच्या गणपतीत झाली, नव्वदीच्या मध्यावर कधीतरी. बाहेर सत्कार चालू होते. दरवर्षी तीच माणसं एकमेकांना आलटून पालटून नारळ देत. मी आत स्वयंपाकघरात मोदकांसाठी दुसरे नारळ खवत बसले होते आणि खवणीच्या लयीत काहीतरी गुणगुणत होते. पलीकडे एक उंच बाई पातेलं पालथं घालून त्यावर बोटांनी ठेका देऊ लागली. ठेका बरोबर होता. नुसता बरोबर नव्हे, मधली अवघड जागासुद्धा तिने चुकवली नाही. मी हात थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"खवत राहा ना," ती म्हणाली. "थांबली काऊन?"

मी गुणगुणत होते ते विलायतेतल्या चार जणांच्या एका मेटल बँडचं होतं; मेटल म्हणजे दणदणीत गिटार-ड्रमचं, मान झटकत ऐकायचं संगीत. बँडचं नाव लिहीत नाही. आम्हाला तो सापडला तेव्हाच त्यातली माणसं म्हातारी व्हायला लागली होती, आणि त्यांच्या स्वतःच्या देशातही त्यांची आठवण फारशी कोणी काढत नसावं. मला त्याची कॅसेट कॉलेजात मावसभावाकडून मिळाली होती, तिला तिच्या प्रयोगशाळेतल्या एका सीनियरकडून. ती भेटण्याआधी, सुसंस्कृत मराठी घरातल्या बाईला हे आवडू शकतं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं. तो असल्या वेळी बाल्कनीत जाऊन झाडांना पाणी घालायचा.

मग रविवार ठरून गेले. तिच्याकडे जुनी मारुती होती आणि मारुतीत टेप. काचा वर करून आम्ही शहराबाहेरच्या पिंजौरला जायचो. कॅसेटची एक बाजू जाताना संपायची, तिथल्या बाजारात चहा घ्यायचा, दुसरी बाजू येताना. चौकातला दिवा लाल झाला की ती स्टीअरिंग धरून मान अशी झटकायची की शेजारच्या स्कूटरवरचा सरदारजी काळजीने आत डोकावून बघायचा. मी पर्सवर बोटांनी ताल धरायचे. त्यावरून ती मला ग्रंथपालबाई म्हणायची. "मोठ्याने नको वाजवू हं, पुस्तकं उठतील झोपेतून."

तिचं दुखणं टाचेपासून सुरू झालं, मग कमरेत आलं. सकाळी उठल्यावर तासभर अंग आखडलेलं असायचं. कोणी गादी बदलायला सांगितली, कोणी लग्न कर म्हणजे जाईल असं सांगितलं. तीन-चार वर्षांनी एका मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरून आजाराचं नाव घेतलं. मणके हळूहळू एकमेकांना जुळत जातात, पाठ ताठ होते, मग मान. गोळ्यांनी दुखणं कमी होईल, जुळलेलं सुटणार नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, देवाने मेटलवाल्या बाईची बरोबर जागा शोधली. मला हसू आलं नाही, तिला आलं.

पुढे तिची मान खरोखरच वळेनाशी झाली. कोणाकडे बघायचं तर ती खांद्यांसकट, अख्खी वळायची. कार्यालयात लोकांना वाटायचं, बाई फार रुबाबात वागतात. रविवार आम्ही सोडले नाहीत. गाडी तीच चालवायची, फक्त रिव्हर्स घेताना मागे मी बघायचे. "ये, ये, अजून ये, बस." हे वाटप कधी बोलून झालं नव्हतं. ते आपोआप पडून गेलं.

आणि मग, मोबाइल कंपन्यांना आपले पैसे कुठे उडवावेत हे कळेनासं झालं त्या दिवसांत, त्यांच्यातल्या एकीने आमच्या बँडला चंदीगडमध्ये आणलं. चौकाचौकात फलक लागले. चारही चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या, त्यामुळे दोघांना मी ओळखलंच नाही. तिने ग्रंथालयात फोन केला. तिथे मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून मी नुसतं हूं-हूं करत होते आणि ती बोलत होती. पुढे उभं राहायचं, कठड्याला लागून, सगळ्या गर्दीत. तिकिटं तू काढ, तुझं ऑफिस मैदानाजवळ आहे.

त्याच आठवड्यात मी तिला बँकेच्या रांगेत पाहिलं होतं. वीस मिनिटांत तिने सहा वेळा पाय बदलला आणि शेवटी पायरीवर बसली. मी हाक न मारता निघून आले होते.

तिकिटं मी काढली नाहीत. एका अधिकाऱ्याच्या मुलीला प्रबंधासाठी मी पुस्तकं शोधून दिली होती. त्यांच्याकडे शब्द टाकला. आयुष्यात पहिल्यांदा मी पास मागितला, आणि मागताना मला अजिबात अवघड वाटलं नाही याचंच नंतर आश्चर्य वाटलं. पहिल्या रांगेतले, सोफ्याचे दोन पास आले. तिला सांगितलं, तिकिटं संपली, नशिबाने हे मिळाले.

"संपली? या गावात?"

मी म्हटलं, बाहेरगावहून कॉलेजची पोरं येणार आहेत, त्यांनी संपवली.

"बरं," ती म्हणाली.

ऑक्टोबरातली छान संध्याकाळ होती. मैदानाच्या फाटकाशी तिकिटाची खिडकी होती. खिडकीत एक माणूस तिकिटांची थप्पी पुढे ठेवून शेंगदाणे सोलत होता. समोर चिटपाखरू नव्हतं. मी पावलं भरभर उचलली. तिला भरभर चालता येत नाही, हे त्या क्षणी मी विसरले. मग थांबावंच लागलं, नेमकं खिडकीसमोर.

आत लग्नातले मखमली सोफे मांडले होते, त्यांवर पांढऱ्या जाळीचे रुमाल, पुढे टेबलांवर काजू. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले. समई होती. वारा होता, त्यामुळे समई पेटेना. मग चौघांनी शाली धरून आडोसा केला. त्या चार काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्यांना रांगेत उभं करून गुच्छ देण्यात आले. ड्रमवाल्याने आपला गुच्छ, कोणीतरी अनोळखी बाळ हातात दिल्यासारखा धरला होता. प्रमुख पाहुण्यांनी तरुणांनी व्यसनांपासून दूर राहावं असं सांगितलं आणि या होतकरू कलाकारांना शुभेच्छा दिल्या. होतकरूंमधला सर्वात लहान माझ्या काकांच्या वयाचा होता. एरवी या सगळ्यावर आम्ही दोघींनी महिनाभर हसून घेतलं असतं. ती समोर बघत होती. तशी ती नेहमीच समोर बघायची, पण त्यातला फरक मला कळतो.

पहिलं गाणं सुरू झालं तसा पाहुण्यांनी हात जोडून निरोप घेतला. त्यांच्या मागोमाग एकेक सोफा रिकामा होऊ लागला. साहेब गेल्यावर बसून राहायचं कारण उरलं नव्हतं. तिसऱ्या गाण्यापर्यंत आमच्या रांगेत आम्ही दोघी आणि काजू. गर्दी मागे होती, बांबूच्या कठड्यापलीकडे, बरीच लांब. गाणारा डोळ्यांवर हात धरून आपले लोक कुठे आहेत ते शोधत होता.

दोन गाण्यांच्या मध्ये ती माझ्याकडे वळली, अख्खी.

"तिकिटं संपली होती ना?"

मी काजूची बशी तिच्याकडे सरकवली.

"खिडकीवर तो माणूस शेंगदाणे खाऊन राहिला होता. मान वळत नाही माझी. डोळे ठीक आहेत."

मी म्हटलं की इतका वेळ उभं राहणं तिला झेपलं नसतं.

"नसतंच झेपलं. मग बसली असती मी. तिथंच, मातीत. पण विचारायचं होतं ना मला तू." मग म्हणाली, "तू आईसारखं नको करू. आई आहे मला, नागपूरला."

पुढचं गाणं सुरू झालं. मी पासांच्या या शहराला बारा वर्षं हसले होते, आणि तिला न विचारता तिची रांग ठरवून मोकळी झाले होते.

ते गाणं संपायच्या आत ती उठायला लागली. सोफ्यातून उठायचं तर तिला तीन टप्पे लागत. मी हात पुढे केला नाही. हात मांडीखाली दाबून बसले. ती उभी राहिली आणि मागे निघाली, आणि मी तिच्या मागे.

कठड्याशी हवालदार होता. मागच्यांना पुढे येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याला सांगितलेलं. पुढचं कोणी मागे जाऊ लागलं तर काय करायचं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मॅडम जी, वीआयपी इधर है," तो म्हणाला. "पीछे तो पब्लिक है."

"हम पब्लिक ही हैं, भाईसाब," ती म्हणाली. "ग़लती से इधर बैठ गए थे."

त्याने पास दोनदा उलटसुलट पाहिले. मग त्याने दोरी सोडून आडवा बांबूच काढून बाजूला ठेवला. तिला वाकता येत नाही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सोफ्यावरची माणसं वाकत नसतात, असा त्याचा अनुभव असावा.

गर्दीत एका खांबाला पाठ टेकून ती उभी राहिली. आणि ते गाणं सुरू झालं, शब्द नसलेलं, नारळ खवतानाचं. आमच्या भोवतीची सगळी डोकी वरखाली व्हायला लागली. ती खांबासारखीच ताठ. डोळे मात्र मिटलेले.

"हलव," ती माझ्या कानात ओरडली.

"काय?"

"मान. माझ्या वाटणीची."

मी चाळिशीची बाई, सलवार-कमीजवर इस्त्रीची ओढणी. मी आजूबाजूला पाहिलं. कोणी बघत नव्हतं. चष्मा काढून तिच्या हातात दिला, केसांतली क्लिप काढली, आणि मान हलवली. आधी ग्रंथपालासारखी. तेव्हा तिने माझ्या मानेवर मागून तळहात ठेवला आणि दाबून ठेका दिला, त्या पालथ्या पातेल्यावर दिला होता तसाच. अवघड जागा आली तशी बोटं घट्ट झाली. मग मी आजूबाजूला बघायचं सोडून दिलं. गाणं संपेपर्यंत तिचा हात तिथेच होता.

अजून दोन गाणी ती उभी राहिली. मग म्हणाली, "बसते आता," आणि मातीत बसली. मीही बसले. शेवटचं गाणं आम्ही लोकांच्या गुडघ्यांमधून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मान कुठल्याच बाजूला वळेना. दहाच्या सुमारास दारावर बेल वाजली. नवऱ्याने दार उघडलं, आणि कोण आलंय ते बघायला मी खांद्यांसकट, अख्खी वळले. ती दारात होती, हातात तिची विजेवरची शेकायची पट्टी. माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला दाराच्या चौकटीला धरावं लागलं. नवरा पाण्याची झारी घेऊन बाल्कनीत गेला.

तिने प्लग लावला, पट्टी गरम होऊ दिली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू उभी राहते, का बसते?"

मी म्हटलं, उभी राहते. पाच मिनिटांनी बसले.