बाभळीच्या दोन पट्ट्या

खोकं हातात घेतलं आणि मला वाटलं, आपण फसलो. चांगलं हातभर रुंद, लांबलचक खोकं, आणि वजन म्हणाल तर दोन पापडांच्या पुड्यांएवढं. कुरिअरवाल्याला दारातच उभं केलं आणि त्याच्यासमोर ते फोडलं. आत कागदात गुंडाळलेल्या पातळ पातळ फळ्या होत्या, त्यांच्यावर यंत्राने कापलेले आकार होते, आणि चादरीएवढा एक नकाशा होता. नवऱ्याने चष्मा वर करून पाहिलं आणि एवढंच विचारलं, की हे चुलीत घालायचं आहे की याचं आणखी काही होतं.

मी त्यातली एक फळी तळहातावर ठेवली. ठेवली खरी, पण हाताला ती कळेचना. श्वास सोडला तशी ती सरकली.

मी सुताराची मुलगी. मेडशीला आमच्या घरासमोरच्या छपरात बाबा पेरणीच्या तिफणी, वखरं आणि बैलगाडीची चाकं करत. आमच्याकडे लाकूड म्हणजे बाभूळ. ते उचलायला दोन माणसं लागतात हे मला बाराखडीच्या आधी कळलं होतं. तेव्हा फुंकरीने हलणारं लाकूड असतं, त्याचं विमान होतं आणि ते आपण जमिनीवर उभं राहून आकाशात चालवायचं, यावर पन्नाशीच्या उंबरठ्यावरही माझा विश्वास बसेना. बाल्सा म्हणतात त्या झाडाला. पैसे मोजून मागवलं होतं तरी विश्वास नव्हता, हे माझं नेहमीचं आहे.

मागवलं का, याचं शाळेत सांगायचं कारण वेगळं होतं. वाशीमच्या शाळेत मी गणित शिकवते, आणि विज्ञानाचे तासही माझ्याच गळ्यात आहेत. विमानाच्या पंखाची आकृती फळ्यावर काढून, हवा वरून कशी जाते आणि खालून कशी, हे मी इतकी वर्षं सांगत आले, की झोपेतही सांगेन. पण करून कधी पाहिलं नव्हतं. हे कारण खरं होतं, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं कारण खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेलं असायचं. बाबांच्या डोळ्यांची नस सुकत गेली, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी त्यांना गावाहून माझ्याकडे आणलं. सोबत त्यांची हत्यारांची पेटी आली. त्या पेटीला मी उभ्या आयुष्यात हात लावला नव्हता. मुलीने हत्याराला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. छपरातला भुसा झाडायचा मी, दसऱ्याला हत्यारांसाठी झेंडूची फुलं आणायची मी, वाहायची मात्र बाबांनी नाहीतर भावाने. भावाला त्यांनी पटाशी धरायला शिकवलं तो दिवस मला आठवतो. भाऊ ठोकत होता आणि बाबा समोर बसून दोन्ही हातांनी लाकूड धरून होते, ते हलू नये म्हणून. मी दारात खराटा घेऊन उभी होते. भावाने पुढे अकोल्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं आल्यावर तिफणीही गेल्या. पण माझा हात चांगला आहे, हे बाबांच्या तोंडून एकदा ऐकायचं, ही इच्छा काही माझ्या मनातून गेली नाही. ती बोलून दाखवायची लाज वाटायची, म्हणून मी विमान मागवलं.

पहिल्या दिवशी मी एक फळी बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती चाचपली, नखाने दाबून पाहिली, नाकाला लावली.

"हे लाकूड नोहे माय," ते म्हणाले. "हे तं भेंड हाय. बाशिंगं करतेत याचे. याच्यात जीव नाई."

मी जुन्या दाराची एक सपाट फळी टेबलावर टाकली, तिच्यावर नकाशा अंथरला, वर गादीचं पारदर्शक प्लास्टिक लावलं आणि कामाला बसले. नकाशातल्या रेघेवर लाकडाची काडी ठेवायची, टाचण्यांनी धरायची, फासळ्या एकेक उभ्या करायच्या, सांध्यावर डिंकाचा एक थेंब सोडायचा. पंखात चोवीस फासळ्या होत्या. शाळेतून आल्यावर रोज दोन-तीन बसायच्या. घासायला घेतलं की खिडकीतून आवाज यायचा, "उलट्या रेघेनं घासून राह्यली तू." माझी पाठ त्यांच्याकडे होती, आणि त्यांना तर दिसतच नव्हतं. नुसत्या खरखरीवरून लाकडाची रेघ कोणत्या दिशेला आहे हे त्यांना कळत होतं. मी फळी फिरवली की त्यांचं पुटपुटणं थांबायचं.

पंखाचा सांगाडा पुरा झाला त्या संध्याकाळी मी तो टाचण्यांतून सोडवून खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ तशीच उभी राहिले. सगळ्या फासळ्या एका ओळीत, मधून उजेड येतोय, आणि हातात वजनच नाही. हे मी केलंय, असं मला वाटेना. घरात दुसरं कुणी करणारं नव्हतं, म्हणून मीच केलं असणार. बाबांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी डाव्या टोकापासून बोट फिरवत आणलं आणि चौथ्या फासळीवर थांबवलं. "हे खाली बसली." मी पट्टी लावून पाहिली. केसाएवढा फरक होता. तेवीस फासळ्या बरोबर होत्या, त्यांच्याबद्दल ते अक्षर बोलले नाहीत. मला राग आला आणि त्याच वेळी त्या बोटापुढे हात जोडावेसे वाटले.

विमानाचं अंग झालं, शेपटी झाली. मग सांगाड्यावर चढवायचा रंगीत, पातळ प्लास्टिकचा कागद. तो इस्त्रीने चिकटवतात. आमची इस्त्री मोठी पडायला लागली, म्हणून कोपऱ्यावरच्या टेलरचाचांची छोटी मागून आणली. त्यांना वाटलं कुणाच्या तरी फ्रॉकसाठी हवी असेल. विमानासाठी हवी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, इस्त्री दिली, आणि मग दुकान बंद करून स्वतःही आले. गरम इस्त्री नुसती वरून फिरवली की सगळ्या सुरकुत्या आपोआप विरून जात आणि कागद ढोलक्यासारखा ताणला जाई. चाचा म्हणाले, चाळीस वर्षं कपड्यांना इस्त्री केली, पण असं कापड पाहिलं नाही.

नाकावर मोटर आणि तिचा पंखा बसवला, पोटात बॅटरी ठेवली. आता राहिला होता तोल. पंखाखाली, पुढच्या कडेपासून साधारण तिसऱ्या हिश्शावर खूण असते. तिथे दोन बोटांवर विमान पेलायचं. ते सपाट राहिलं, किंवा नाक किंचित खाली झुकलं, तर ठीक. मी पेललं. शेपटी धपकन खाली गेली. बॅटरी पुढे सरकवली, तरी गेली. नाकापर्यंत ढकलली, तरी गेली. सगळा हिशोब पुन्हा मांडला, मोटर तपासली, आणि माझं काही चुकत नव्हतं. गणिताच्या बाईला यापेक्षा वाईट काही नाही.

"आन इकडं," बाबा म्हणाले. त्यांनी आपली दोन जाड बोटं पंखाखाली घातली. शेपटी पुन्हा खाली गेली. "उलाळ हाय."

बैलगाडीत मागे जास्त भार झाला की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. त्याला उलाळ म्हणतात. गावात हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी म्हटलं, ते मला दिसतंय, पण का ते कळत नाही. बाबांनी बोट शेपटीच्या पोटाखाली नेलं.

"म्या दोन पट्ट्या टाकल्या आतून," ते म्हणाले. "शेपटीत. बाभळीच्या."

मी शाळेत शिकवायला गेले असताना, कागद चढवायच्या आधी, त्यांनी पेटीतला जुना तुकडा काढून दोन पट्ट्या तासल्या होत्या आणि आतल्या काड्यांना अशा चिकटवल्या होत्या की मला, जिने एकेक काडी स्वतः लावली, तिला दिसल्या नाहीत. आंधळ्या माणसाने, नुसत्या बोटांनी. आयुष्यभर त्यांच्या हातून जे काही बाहेर पडलं ते वीस वर्षं ढेकळांत ओढलं जाणार होतं. कच्चं काम घरातून जाऊ द्यायचं नाही, हे त्यांच्या रक्तात होतं. त्या भेंडाचा त्यांना भरवसा नव्हता, आणि शेपटी माझी होती.

आज हे शांतपणे लिहितेय. त्या दिवशी मी भडकले. आयुष्यभर मला कशालाही हात लावू दिला नाही, आणि मी एकच वस्तू केली तर मला न विचारता तुम्ही तिला हात लावला, असं मी बापाला बोलले. नवरा चहा घेऊन येत होता, तो दारातूनच परत फिरला. रात्री जेवताना बाबा नुसते भाकरीचे तुकडे करत राहिले.

सकाळी मी उपाय सांगितला. नाकात शिशाचा तुकडा घालायचा, म्हणजे तोल येईल. उलाळ गाडीत पुढे धोंडा ठेवतात तसंच.

"धोंडा ठेवते तो अडाणी," बाबा म्हणाले. "भारानं भार मरत नाई. थो वाढते. काढ त्या पट्ट्या. माह्या पेटीत बारकी पटाशी हाय, थे घे."

"मी घेऊ?"

"मंग कोन? माहे डोये कुठं हायेत?"

पेटीचं झाकण मी उघडलं. पटाशीची मूठ त्यांच्या तळव्याने घासून घासून काळी आणि गुळगुळीत झाली होती. ती हातात घेतल्यावर मला रडू आलं, आणि ते त्यांना कळू नये म्हणून मी उगाच खोकले.

शेपटीच्या पोटाखालचा कागद कापला. पट्ट्या आत होत्या, वीतभर लांब, काडीला अशा लागलेल्या की सांध्यात नख जाईना. उचकटल्या असत्या तर बाल्सा फाटून आला असता. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि कान लावून ऐकत राहिले. उचकू नको, तास, एवढंच मधूनमधून सांगायचे. बाभूळ तासताना कुरकुरते, बाल्सा आवाज करत नाही, म्हणून कुठे थांबायचं हे ते आवाजावरून सांगत. चार संध्याकाळी मी बापाचं काम कणाकणाने काढत होते, आणि ते इतकं सुंदर होतं की काढवत नव्हतं. डावीकडची काडी शेवटी मोडलीच. तिथे मी बाल्साचा नवा तुकडा तिरपा कापून सांधला. हा सांधा कसा करायचा हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कागद संपला होता, त्यामुळे तिथलं लाकूड उघडंच राहिलं. मग विमान बोटांवर पेललं. नाक जरासं झुकलं आणि तसंच स्थिर राहिलं.

उडवायला आम्ही मेडशीच्या गायरानात गेलो. पंख मांडीवर आडवा घेऊन एसटीत बसले, तर कंडक्टरने विचारलं, मॅडम, याचं अर्धं तिकीट काढू का पुरं? महिनाभर मी कॉम्प्युटरवर सराव केला होता, शंभरदा पाडलं होतं. आता खरा रिमोट हातात घेतला. सकाळची वेळ होती, वारा पडलेला होता. नवऱ्याने विमान डोक्यावर धरलं, चार पावलं पळाला आणि सोडलं.

ते गेलं. मला दुसरं काही लिहिता येत नाही. ते जरा खाली आलं, मग जणू एखादी पायरी सापडावी तसं वर चढलं, आणि चढतच राहिलं. वळलं तेव्हा ऊन पंखातून आरपार आलं आणि मला खालून माझ्या फासळ्या दिसल्या, एकेक मोजता येतील अशा, आभाळात. फळ्यावर इतकी वर्षं काढलेली ती आकृती खरी होती. मी तोंड उघडं टाकून पाहत होते. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून, मान वर करून उभे होते.

"कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"चिंचेच्या वर."

"अन् आता?"

"आता तिच्याही वर, बाबा. लई वर."

आवाज जिकडे जाई तिकडे त्यांचा चेहरा फिरत होता. ओठ हलत होते. मी पाच वळसे घेतले. उतरवताना मात्र घाई झाली, चाक ढेकळाला लागलं, आणि विमान नाकावर जाऊन उलटं झालं. नाकावरचा पंखा मोडल्याचा आवाजही बाबांनी ऐकला. मी धावत जाऊन ते उचलून आणलं. पंखा गेला होता, नाक चेपलं होतं. बाकी सगळं धड होतं.

बाबांनी हात पुढे केले. मी विमान दिलं. त्यांनी नाकाकडे लक्षच दिलं नाही. बोट सरळ शेपटीवर गेलं, पोटाखाली, त्या उघड्या लाकडावर, माझ्या सांध्यावर. तिथे ते पुढेमागे फिरत राहिलं. मला चौथी फासळी आठवली.

"खूण कुठं हाय तुही?" त्यांनी विचारलं.

मला कळेना. मग कळलं. प्रत्येक तिफणीच्या खाली, आडव्या लाकडावर, बाबा पटाशीने आपली खूण करत. दोन तिरप्या रेघा आणि मध्ये एक उभी. गावोगाव लोक तिफण उलटी करून ती खूण पाहत आणि काम कुणाचं ते ओळखत. भावाला ते शिकवत होते तेव्हा म्हणाले होते, तुझा हात बसला की तू तुझी वेगळी खूण करशील. त्याने ती कधी केली नाही.

"माझी कसली खूण, बाबा?" मी म्हटलं.

"नाई केली तं लोकं म्हनतीन, बुढ्यानं करून देल्लं." त्यांनी खाली बसायला जागा चाचपली. "कर. म्या धरतो."

पटाशी माझ्या पिशवीत होती. बाबा गायरानात मांडी घालून बसले आणि त्यांनी शेपटी दोन्ही हातांनी धरली, ती हलू नये म्हणून. मी समोर बसले. काय खूण करावी हे कधी ठरवलंच नव्हतं, म्हणून नुसती एक रेघ ओढली. रेघ वाकडी गेली. बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"वाकडी हाय," ते म्हणाले. "राहू दे. तुहीच हाय."